वगळलेला शब्द

१

देवळाली प्रवरेच्या बाजारतळामागे, एका किराणा दुकानाच्या वरच्या मजल्यावर, माधुरीचा कॉम्प्युटर क्लास आहे. नऊ कॉम्प्युटर. त्यातले सहा चालतात, दोन रुसून बसतात आणि एक केवळ संख्या दिसावी म्हणून ठेवलेला आहे. सकाळची बॅच अकराला सुटते, संध्याकाळची साडेपाचला भरते. मधली दुपार माधुरीची स्वतःची. डबा खायचा, पंखा दोनवर ठेवायचा आणि चारीकट्टा उघडून बसायचं, हा तिचा दहा वर्षांचा शिरस्ता.

चारीकट्टा हा फोरम. व्हॉट्सॲप यायच्या आधी माणसं इंटरनेटवर जिथं गप्पा मारायची, त्यातली एक जागा. तो सुरू केला पंकजनं, म्हणजे माधुरीच्या नवऱ्यानं, २००७ साली, ह्याच खोलीत. तेव्हा इथं सायबर कॅफे होता आणि जिन्यावर चपलांचा खच पडायचा. कालव्याच्या चाऱ्यांवर, म्हणजे कालव्यातून फुटणाऱ्या लहान पाटांवर, ज्यांच्या जमिनी भिजतात त्यांच्यासाठी हा कट्टा. उसाला तोडणीची टोळी आली का, गाय का खात नाही, कुणाच्या पोरीला कुठलं स्थळ आलंय, सगळं तिथं चालायचं. भांडणंही जोरात व्हायची. एकदा ठिबक सिंचनावरून दोन सख्खे भाऊ कट्ट्यावर असे जुंपले की पंकजला स्कूटर काढून त्यांच्या वस्तीवर जावं लागलं आणि तिथं बघतो तर दोघं एका ताटात जेवत होते.

पुढे सगळे व्हॉट्सॲपवर गेले आणि कट्टा ओस पडला. पंकजही गेला, २०१५च्या दिवाळीनंतर, ह्याच खोलीत, खुर्चीत बसल्या बसल्या. फुफ्फुसांत पाणी झालं होतं, असं डॉक्टर म्हणाले. तेव्हा तो एकोणचाळीसचा होता.

माधुरीनं कट्टा बंद केला नाही. कुणी विचारलं तर 'असू दे, काय खायला मागतोय?' एवढंच म्हणायची. खरी गोष्ट अशी होती की पंकजचं बोलणं तेवढ्या एकाच जागी शिल्लक होतं आणि ती रोज दुपारी त्यातली दोन पानं वाचायची.

२

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पुण्याहून निकिताचा फोन आला. निकिता म्हणजे चारी एकवरच्या गहिनीनाथांची मुलगी. गहिनीनाथ मागच्या वर्षी वारले.

"काकू, अण्णांनी कट्ट्यावर खूप लिहिलेलं ना? मला ते सगळं पाहिजे. पण मी शोधते तर काहीच येत नाही हो."

"येणारच नाही," माधुरी हसून म्हणाली. "त्या शोधाला कधीच काही सापडलं नाही. पंकज असतानासुद्धा नाही."

हे अगदी खरं होतं. कट्ट्यावर 'शोधा' नावाचं एक बटण होतं आणि ते शोभेचं होतं. तीनपेक्षा कमी अक्षरांचा शब्द त्याला चालायचा नाही. म्हणजे उसाच्या मुलखातल्या फोरमवर 'ऊस' शोधता येत नव्हता. 'पाणी' नाही, 'गाय' नाही, 'अण्णा' तर नाहीच. लांबलचक शब्द दिला की दहा मिनिटं विचार करून ते भलत्याच कुणाच्या साखरपुड्याचे फोटो दाखवायचं. सगळे पंकजची चेष्टा करायचे आणि पंकज म्हणायचा, पुढच्या महिन्यात नीट करतो. हा पुढचा महिना आठ वर्षं चालला.

"करते मी नीट," माधुरीनं निकिताला सांगितलं. फोन ठेवल्यावर तिला बरं वाटलं. पंकजचं एक राहिलेलं काम आपल्या हातून होणार, या विचारानं तिचे डोळेही थोडे भरून आले.

३

काम चार दुपारींचं निघालं. फोरम आपल्यातल्या सगळ्या शब्दांची एक सूची करून ठेवतो, जाड पुस्तकाच्या शेवटी असते तशी. शोधणाऱ्याला त्या सूचीतलंच सापडतं. माधुरीनं तीन अक्षरांची अट काढली (ती फक्त शोधाच्या चौकटीला होती, सूचीत छोटे शब्दही होते), जुन्या फॉन्टमधला मजकूर नव्या अक्षरांत आणला. मग राहिली एक छोटी फाईल, वगळायच्या शब्दांची. आणि, पण, तर, की, असे शब्द सूचीत घ्यायचे नसतात, कारण ते जिकडेतिकडे असतात. ती यादी ती वाचत गेली. सगळ्यात खाली, एक ओळ मोकळी सोडून, शेवटचा शब्द होता: आलं.

तो पाहून तिला हसूच आलं. आल्याशिवाय कट्ट्याचं पान हलत नव्हतं आणि पंकजनं नेमकं तेच वगळून ठेवलं होतं.

कट्ट्यावरचा सगळ्यात मोठा धागा होता 'आलं का?' नावाचा. धरणातून कालव्याला आवर्तन, म्हणजे पाण्याची पाळी, सुटलं की पाणी वरच्या चारीवरून खाली सरकत यायचं. ज्याच्याकडं पोचलं त्यानं कट्ट्यावर 'आलं' असं कळवायचं, मग खालचा उठून दार धरायला निघायचा. दार म्हणजे वाफ्याचं तोंड. ही कळवायची रीत जुनीच, पूर्वी ती बांधावरून हाका मारून चालायची. पंकजनं एक फोन केबलनं कॉम्प्युटरला जोडला आणि त्या नंबरावर मेसेज केला की तो आपोआप कट्ट्यावर लागायचा. गहिनीनाथ, चारी एक: आलं. गोरक्षनाथ, चारी पाच: आलं. रामहरी, चारी नऊ: आलं. मग पंकज, बाजारतळ: आलं. आणि सगळ्यात शेवटी, गावाबाहेरच्या त्यांच्या वस्तीवरून, सात-आठ वर्षांची पूजा बापाच्या दुसऱ्या फोनवरून धाडायची: आमच्याकडं पण आलं पप्पा लवकर या.

माधुरीनं आधी त्या फाईलची एक प्रत बाजूला ठेवली. काहीही खोडायच्या आधी प्रत ठेव, ही पंकजची शिकवण. मग तो शब्द यादीतून पुसला आणि सूची नव्यानं बांधायला लावली. पस्तीस मिनिटांनी काम झालं. तिनं चौकटीत 'आलं' लिहिलं आणि बटण दाबलं.

चार हजार एकशे अठरा उत्तरं आली. ती संध्याकाळची बॅच भरेपर्यंत वाचत राहिली. गहिनीनाथांचं सावकाश, ठेक्यातलं बोलणं. गोरक्षनाथांची थट्टा. पंकज सगळ्यांना 'मालक' म्हणायचा, ते मालक, मालक. पूजाचे मेसेज वाचताना ती एकटीच मोठ्यांदा हसली. पूजा आता पंचविशीची, सात महिन्यांची पोटुशी, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. घरी गेल्यावर तिला हे वाचून दाखवायचं ठरवून माधुरीनं उत्तरं उलट क्रमानं लावली, नवं आधी.

सगळ्यात वरचं उत्तर त्याच दिवशीचं होतं. दुपारी चार वाजून दहा मिनिटं. गहिनीनाथ, चारी एक: आलं.

४

गहिनीनाथांच्या दहाव्याला माधुरी स्वतः गेली होती.

तिनं त्या ओळीवर क्लिक केलं. पान उघडलं आणि कट्टा म्हणाला, असा संदेश अस्तित्वात नाही. धाग्यावर जाऊन पाहिलं, तिथं शेवटचा मेसेज दहा वर्षांपूर्वीचा. परत शोधलं, तर ओळ जागेवर. म्हणजे ती फक्त शोधात दिसत होती, बाकी कुठंच नव्हती.

माधुरी पोरांना कॉम्प्युटर शिकवणारी बाई. घाबरण्याआधी ती कारणं मांडते. सूची बांधताना तारखा सरकल्या असतील. सर्व्हरचं घड्याळ चुकलं असेल. निकितानं हौसेनं वडिलांच्या नावानं काही करून पाहिलं असेल. निकिताला तिनं आडून आडून विचारलं, तर ती म्हणाली, "मला अण्णांचा पासवर्ड माहीत असता तर तुम्हाला कशाला त्रास दिला असता, काकू?"

घरी जाताना ती कालव्याच्या पुलावर थांबली. आवर्तन बंद होऊन पंधरवडा झाला होता. तळाला चिखल वाळून भेगा पडल्या होत्या आणि मधोमध एक शेळी उभी होती.

रात्री पूजाला तिनं जुने मेसेज वाचून दाखवले. त्या ओळीबद्दल काही बोलली नाही. पूजा पोटावर हात ठेवून ऐकत होती. मधेच म्हणाली, "मम्मी, पप्पांना नातवंड बघायला मिळायला पाहिजे होतं गं." आतल्या खोलीतून भागिरथीबाईंनी, पंकजच्या आईनं, खोकल्यासारखं केलं आणि माधुरीनं पुढचा मेसेज वाचायला घेतला.

५

दुसऱ्या दिवशी माधुरी डबा न खाताच शोधाला बसली. चार वाजेपर्यंत काही नव्हतं. चार वाजून वीस मिनिटांनी तिनं पुन्हा बटण दाबलं आणि वर आणखी एक ओळ आली. गोरक्षनाथ, चारी पाच: आलं.

गोरक्षनाथ कोरोनात गेले होते.

पंकजनं कॅफेच्या भिंतीवर एक तक्ता रंगवून घेतला होता, अजून तो तिथंच होता, कळकटलेला. चारी एकवरून पाचवर पाणी यायला एक दिवस. पाचवरून नऊवर एक दिवस. नऊवरून बाजारतळाला एक दिवस. बाजारतळावरून वस्तीला चाळीस मिनिटं. माधुरीनं तो तक्ता इतक्या वर्षांत वाचला नव्हता. आता ती त्याच्यासमोर उभी राहून तो दोनदा वाचून आली.

आणि मग एक विचार तिच्या मनात आला. भीतीआधी तोच आला, हे पुढे तिनं स्वतःशी कबूल केलं. उद्या रामहरी. परवा पंकज. परवा दुपारी ह्या पडद्यावर पंकजच्या नावाची एक नवी ओळ येईल. दहा वर्षांत तिनं त्याची प्रत्येक ओळ पाठ होईस्तोवर वाचली होती आणि आता न वाचलेली एक ओळ येणार होती.

हात त्या वगळायच्या फाईलकडे गेला होता. तिनं तो मागं घेतला.

६

रामहरी मात्र जिवंत होते. पंकजचे जिवलग मित्र, तिला वहिनी म्हणणारे. चारी नऊवर त्यांची वस्ती, वीस मिनिटांची वाट. त्यांच्या बायकोला, मनकर्णाबाईंना, जाऊन चार वर्षं झाली होती आणि मुलगा चाकणला असल्यामुळे घरात ते एकटेच. तिसऱ्या दिवशी चार वाजता रामहरींची ओळ आली. फोन उचलला जाईना, म्हणून माधुरी स्कूटी घेऊन निघाली.

लांबूनच तिला दिसलं की घराची सगळी दारं उघडी आहेत. पुढचं, मधलं, मागचं. पुढून पाहिलं की पलीकडचा ऊस दिसत होता. रामहरी ओट्यावर बसले होते, दाढी केलेली, धुतलेला सदरा घातलेला.

"या वहिनी, या. लई दिसांनी."

"भाऊजी, तुम्ही कट्ट्यावर काही लिहिलंत का?"

"म्या? न्हाई बा. म्या कशाला लिव्हतोय? पन आलं, ते खरं हाय."

"काय आलं?"

रामहरी लाजल्यासारखं हसले. "आता तुमाला काय सांगू. आलं. दुपारच्याला." मग घराकडं तोंड करून त्यांनी हाक मारली, "अगं ए, वहिनी आल्यात. चा ठेव."

आत कुणीतरी चाललं. कोरड्या फरशीवर चालल्यासारखं नव्हे, भरल्या सरीतून बाई पाय उचलत चालते तसं, चुबुक, चुबुक. मग भांडं ठेवल्याचा आवाज आला.

माधुरीचं लक्ष भिंतीकडं गेलं. उंबऱ्याच्या आत, भिंतीला एक ओली रेघ होती, घोट्याच्या वरपर्यंत, सगळ्या खोलीभर एका पातळीत. फरशी मात्र कोरडी ठणठणीत. ती पाहत असताना रेघ बोटभर वर आली.

"भाऊजी, चला माझ्याबरोबर. आत्ताच्या आत्ता उठा."

"न्हाई वहिनी." त्यांचा आवाज मऊ होता. "मागं येकदा आलं व्हतं, तवा ती जित्ती व्हती, म्या दारं लावून घेतली. आता चार वरसं झाली हो. सकाळी उठून कुनाशी बोलावं म्हनलं तर म्हसरं. आता ती हाय आत. पानी चढंल, चढू द्या. मला त्याचं काय वाटत न्हाई." त्यांनी पाय ओट्यावरून खाली सोडले आणि आत जायला उठले. "तुमी जावा घरी. अन तुमच्याकडं आलं की कळवा फुडं. पूजा हाय ना वस्तीवर? तिला बी बरं वाटंल. बापाची लई लाडकी."

माधुरी तिथून कशी निघाली ते तिला आठवत नाही. बाजारतळाला आल्यावर तिनं चाकणला रामहरींच्या मुलाला फोन करून वडिलांकडं ताबडतोब निघायला सांगितलं. का, ते तिला सांगता आलं नाही.

७

चौथ्या दिवशी सकाळच्या बॅचला तिनं सुटी देऊन टाकली आणि बाजूला ठेवलेली ती प्रत उघडली. फाईलवर शेवटचा हात फिरल्याची तारीख होती: १९ नोव्हेंबर २०१५. पंकज गेला सत्तावीसला.

मग तिनं शोधाला ते दिवस तेवढे दाखवायला सांगितले. त्या साली दुष्काळ होता, कालव्याला पाणी सुटलंच नव्हतं. तरी तिथं चार ओळी होत्या. गहिनीनाथ: आलं. गोरक्षनाथ: आलं. रामहरी: आलं. पंकज, बाजारतळ, १९ नोव्हेंबर, दुपारी चार: आलं. त्यांच्यापुढं वस्तीची ओळ नव्हती. पंकजनं शब्द वगळला, सूची बांधली आणि पुढं कुणाला काही कळलंच नाही. वस्तीवर तेव्हा माधुरी होती आणि चौदा-पंधरा वर्षांची पूजा.

ते शेवटचे आठ दिवस तिला आठवले. पंकज घरी झोपायला येत नव्हता, कॅफेत काम आहे म्हणायचा. खालच्या हॉटेलातून वर दोन कप चहा मागवायचा. ती डबा घेऊन आली की जिन्यातच घ्यायचा, आत येऊ द्यायचा नाही. आतून तिला एकदा सासऱ्यांचा, रंभाजींचा, घसा खाकरण्याचा आवाज आल्यासारखा वाटला होता. रंभाजी वारून तेव्हा दोन वर्षं झाली होती आणि तिनं तो भास म्हणून सोडून दिला होता.

माधुरीला पंकजचा राग आला. दहा वर्षांत पहिल्यांदा. आम्हाला वाचवलंस म्हणून मी तुझे पाय धरू का? रामहरीभाऊजींच्या नावाशीच ते थांबवता आलं असतं तुला. एक दिवस आधी शब्द वगळला असतास तर इथं काही पोचलंच नसतं. तू मुद्दाम एक घर पुढं येऊ दिलंस. बापाला भेटायला. आणि आम्हाला ठेवलंस असं. ती मोकळ्या खोलीत मोठ्यानं बोलत होती आणि खालच्या किराणावाल्यानं पंखा बंद करून कान दिला असणार.

रडून झाल्यावर तिनं तोंड धुतलं. फाईल उघडली, सगळ्यात खाली एक ओळ मोकळी सोडली आणि लिहिलं: आलं. आता फक्त सूची नव्यानं बांधायला लावायची. सकाळचे अकरा वाजले होते. पस्तीस मिनिटांत सगळं मिटलं असतं. साडेअकराला ती घरी निघाली असती, पूजासाठी डिंकाचे लाडू करायचे होते.

तिनं बटण दाबलं नाही. तिनं तक्त्याकडं पाहिलं. बाजारतळावरून वस्ती, चाळीस मिनिटं. सूचीला लागतात पस्तीस. चारला पंकजचं नाव पडद्यावर आलं की लगेच बटण दाबायचं. पाच मिनिटं हातात राहतात. फक्त त्याची ओळ वाचायची. दुसरं काही नको होतं, असं तिनं स्वतःला सांगितलं आणि ते तिला खरं वाटलं.

८

पावणेचारला खाली बाजारतळावर नेहमीची सामसूम होती. लिंबाखाली एक टेम्पो उभा होता. माधुरीनं खिडकी उघडी ठेवली होती.

आधी वास आला. तापल्या जमिनीत बारं दिल्यावर, पहिलं पाणी सोडल्यावर, येतो तो. मग आवाज. खिडकीखालून जाणारी चारी दोन आठवडे कोरडी होती, तिच्यात प्लॅस्टिकच्या पिशव्या उडत होत्या. त्या पिशव्या जागच्या हलल्या नाहीत आणि त्यांच्यावरून पाणी खळाळत गेल्याचा आवाज गेला.

तिनं शोधाचं बटण दाबलं.

पंकज, बाजारतळ: आलं.

तिनं ताबडतोब पडद्यावरच्या दुसऱ्या खिडकीत जाऊन सूची बांधायला लावली. हिरवी पट्टी सरकू लागली. चार वाजून दोन मिनिटं. मग ती त्या ओळीकडं पाहत बसली. दोनच शब्द नि एक नाव, पण नवीन. तिनं पडद्यावर बोट टेकवलं.

जिन्यावर पाऊल वाजलं. एक पायरी चढून जरा थांबायचं आणि मग दुसरी, ही पंकजची सवय, गुडघा दुखायचा म्हणून. प्रत्येक पायरीवर पाणी निथळत होतं. माधुरीनं मागं वळून पाहिलं नाही. समोर तो बंद, शोभेचा कॉम्प्युटर होता. त्याच्या काळ्या काचेत तिला दार दिसलं, दारात पॅन्टची ओली घडी, आणि चौकटीवर ठेवलेला हात, करंगळीत चांदीची अंगठी. त्याच्या वर, चेहऱ्याच्या जागी, काच उजेडानं धुरकट झाली होती.

"झालं का नीट?" मागून आवाज आला. दमलेला, थोडा थट्टेखोर. "मी म्हटलं होतं ना मालक, पुढच्या महिन्यात."

माधुरीच्या तोंडून हसू फुटलं आणि हसतानाच तिला रडू आलं. "आठ वर्षं लावलीस तू," ती म्हणाली.

पट्टी अर्ध्यावर आली होती. तिच्या पायांना गार लागलं. खाली पाहिलं तर फरशी कोरडीच होती, पण साडीचा काठ ओला होऊन जड झाला होता आणि भिंतीला बोटभर उंचीवर रेघ होती. दार मागं, डाव्या हाताला होतं. उठून त्याच्या बाजूनं निघून जाता आलं असतं, त्यानं अडवलं नसतं, हे तिला पुरतं ठाऊक होतं. खुर्ची ओढल्याचा आवाज झाला आणि तो शेजारी बसला. खांद्याला त्याच्या बाहीचा ओलावा लागला. ती उठली नाही.

चार वाजून सदतीस मिनिटांनी पट्टी भरली. तिनं शोध उघडला, 'आलं' लिहिलं, बटण दाबलं. हा शब्द शोधता येत नाही, असं उत्तर आलं.

फोन वाजला. पूजा होती.

"मम्मी, ऐक ना, गंमत झाली. आपल्या चारीला पाणी सुटल्यासारखा आवाज येत होता आत्ता. आजी म्हणाली बघून ये. मी बांधापर्यंत गेले तर थांबला. चारी कोरडीच आहे."

"तू आत जा. बांधावर कशाला गेलीस या दिवसांत?"

"जाते गं. काय झालं माहितेय का? मला एकदम वाटलं, पप्पा गाडीवरून येतायत. वेड्यासारखी उभी राहिले. मम्मी, तुझा आवाज असा का येतोय? कुणी आहे का तिथं?"

"क्लासमधली एकजण आहे. फॉर्म भरून घेतीय."

शेजारी पंकज मुलीचा आवाज ऐकायला झुकला होता. रेघ आता खुर्चीच्या पायाच्या मधोमध होती. माधुरीनं फोन दोघांच्या मधे धरला.

"आज काय काय खाल्लंस, सांग बरं," ती म्हणाली. "सगळं सांग. सावकाश सांग."

पूजा सांगू लागली. सकाळी भाकरी खाल्ली, दुपारी वरण-भात, आजीनं बळंच दोन खारका दिल्या, बाळ दुपारभर लाथा मारतंय. मग म्हणाली, "लाडू तू येऊन केलेस की खाईन. किती वाजता निघतेस?"

"तू जेवून घे," माधुरी म्हणाली. "आणि आजीला सांग, डिंक वरच्या फळीवर डब्यात आहे. लाडू तिलाच करायला सांग."